साडी उन्हात बघता, मग कॅमेरा?

साडी घ्यायला गेलं की आपण काय करतो? दुकानदार ट्यूबलाइटच्या उजेडात घडीवर घडी उलगडत "बघा ताई, काय रंग आहे!" म्हणत असतो, आणि आपण त्या साडीचा पदर हातात धरून सरळ दुकानाच्या दारात येतो. उन्हात रंग बघतो. आत मोरपंखी वाटलेली साडी बाहेर भलतीच हिरवी निघते. मग काठ चुरगाळून बघतो, पोत बोटांनी चाचपतो, बरोबर आलेल्या जावेला "तुला काय वाटतं गं?" म्हणून विचारतो. हे शिकायला आपण कुठल्या क्लासला गेलो नव्हतो. आईनं केलं, आपण बघितलं.

मग मैत्रिणींनो, माझा एक साधा प्रश्न आहे. साडीच्या कितीतरी पट पैसे मोजून घरात किंवा मंडळात व्हिडिओ कॅमेरा येतो. शाळेच्या पटांगणावरच्या स्पर्धा, गावची जत्रा, अंगणातलं हळदीकुंकू, भोंडला हे सगळं टिपायला म्हणून येतो. म्हणजे काम सगळं उन्हावाऱ्यातलं. तो कॅमेरा दुकानाच्या दारात नेऊन कोण बघतं?

आम्ही बघितला नव्हता. त्याचं काय झालं तेच आज सांगायचं आहे.

२०१९ सालचं नवरात्र. आमच्या महिला मंडळाचा भोंडला देवळामागच्या मोकळ्या जागेत असायचा. मधोमध पाटावर हत्ती, भोवती आमचा फेर, आणि कडेला खुर्चीवर गल्लीतल्या एक आजी. वय पंच्याऐंशीच्या पुढं. पाय थकले होते, पण गळा थकला नव्हता. कुठल्या गाण्यानंतर कुठलं गाणं हे आम्ही विसरायचो, आजी कधी विसरल्या नाहीत. त्यांच्या आजोळकडची दोन-तीन गाणी तर अशी होती, की ती अख्ख्या गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. म्हणून आम्ही ठरवलं, की या वर्षी आजींचा भोंडला टिपून ठेवायचा. मंडळाची शिल्लक आणि वर्गणी मिळून कॅमेरा घ्यायचा.

घ्यायला कोण गेलं? एका मैत्रिणीचे यजमान आणि माझा भाचा. "त्यांना त्यातलं कळतं," असं मीच म्हणाले होते. त्यांनी कामचुकारपणा केला असं मुळीच नाही. दोन दुकानं फिरले, खोक्यावरचे आकडे ताडून बघितले, घासाघीस केली आणि त्या पैशात जास्तीत जास्त मोठा आकडा ज्याच्यावर होता तो कॅमेरा घेऊन आले. भाच्यानं शूटिंगही मन लावून केलं.

दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळ्या जमलो आणि टीव्हीवर ते लावलं. चित्र काय सुंदर! माझ्या नथीचा एकेक मोती मोजून घ्यावा. आजींच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसत होती. पण आवाज? हस्ताचा वारा माइकवर आदळून नुसतं भर्र भर्र चाललं होतं. त्यात शेजारच्या मांडवातला जनरेटर आणि पलीकडच्या गरब्याचा लाउडस्पीकर. आजींचे ओठ हलत होते. डोळे मिटून, मान डोलावत त्या गात होत्या, आणि आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"जाऊ दे, पुढच्या वर्षी परत घेऊ," आम्ही म्हणालो. पुढचं वर्ष २०२०. करोनामुळे भोंडलाच झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी खुर्ची रिकामी होती.

आता कुणी म्हणेल, बाई, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? पण मला राहून राहून वाटतं, की त्या दिवशी चित्र अंधुक आलं असतं आणि आवाज स्वच्छ आला असता, तर आमच्या हाती सगळं काही राहिलं असतं. उलट झालं, म्हणून काहीच राहिलं नाही. आपल्या बायकांचे कितीतरी कार्यक्रम मुळात ऐकण्याचे असतात. भोंडला, ओव्या, पाळणे, उखाणे, जत्रेतली देवीची गाणी यात बघण्यासारखं थोडं आणि ऐकण्यासारखं पुष्कळ. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या अनेक बायांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. म्हणून आज 'पारी'च्या संग्रहात आपण ती ओवी नुसती वाचत नाही, त्या बाईच्या गळ्यातून ऐकतो. कागदावर उतरलेली ओवी आणि गळ्यातली ओवी यांत किती फरक असतो, हे जिनं आजीला गाताना ऐकलंय तिला सांगायला नको.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. बाहेरच्या कार्यक्रमासाठी कॅमेरा निवडायचा तर आधी कानानं निवडावा, मग हातानं, आणि डोळ्यानं सगळ्यात शेवटी. दुकानात मात्र नेमकं उलटं चालतं. खोक्यावर कानाचा आकडा नसतो, हाताचा नसतो. असतो तो डोळ्याचाच.

तो आकडा म्हणजे काय, ते एकदा समजून घेऊ. पूर्वी 'फुल एचडी' म्हणत, म्हणजे चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. आता 'फोर के' म्हणतात, म्हणजे ३८४० बाय २१६०. ठिपके चौपट. चित्र जास्त बारकाव्याचं येतं हे खरं. पण ठिपके वाढले की साठवायला जागाही जास्त लागते. साध्या हँडीकॅमवर फुल एचडीचं तासाभराचं शूटिंग साधारण ८ जीबीत मावतं. फोर के केलं तर तासाला २५ ते ४५ जीबीही लागतात. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर एकीकडे आख्खं लग्न मावेल आणि दुसरीकडे सप्तपदी संपायच्या आत 'कार्ड फुल' म्हणून पाटी येईल. घरच्या टीव्हीवर बघायचं असेल तर फुल एचडी पुष्कळ झालं. उरलेले पैसे आवाजाला लावा.

आवाजाचं काय बघायचं? एक, बाहेरचा माइक जोडायला कॅमेऱ्याला भोक आहे का. दोन, हेडफोन लावून आपण काय टिपतोय ते तिथल्या तिथं ऐकता येतं का. या दोन गोष्टी नसतील तर तो कॅमेरा कितीही चकचकीत असला तरी मी घेणार नाही. कारण कॅमेऱ्यातला माइक कॅमेऱ्याजवळच असतो आणि गाणारी असते लांब. घरात भिंती आवाज परत फिरवतात, मोकळ्यावर तो चहूकडे पसरून जातो. अंतर दुप्पट झालं की पोचणाऱ्या आवाजाचा जोर चौथाई होतो. शेजारी उभं राहून खोकणारा माणूस मात्र खणखणीत ऐकू येतो!

आणि वारा. तुमच्या-माझ्या कानाला झुळूक वाटते ती माइकला वादळासारखी लागते. माइकवर स्पंजची टोपी घातली तर थोडा फरक पडतो, केसाळ टोपी घातली तर पुष्कळ पडतो. टीव्हीवाले बाहेरून बातमी देतात तेव्हा माइकवर ते झिपरं मांजर बसल्यासारखं दिसतं ना, ते शोभेला नसतं. एकदा वाऱ्याची घरघर गाण्यात मिसळली की नंतर संगणकावर ती पूर्ण वेगळी काढता येत नाही. आमच्या आजींचं शूटिंग घेऊन आम्ही दोघा-तिघांकडे गेलो होतो. घरघर कमी झाली, पण तिच्याबरोबर आजींचा आवाजही गेला.

यावर एक बिनखर्चाची युक्ती सांगते. कॅमेरा लांब असू दे, पण घरातला एखादा जुना मोबाइल आवाज टिपायला लावून गाणारीच्या मांडीवर किंवा पाटाखाली ठेवा. वर सुती रुमालाचा एकच पदर टाका. दोन्ही सुरू झाले की एकदा जोरात टाळी वाजवा. नंतर जोडताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकावर एक आणली की झालं. सिनेमावाले पाटी आपटतात ती याच कामासाठी. हे आम्हाला २०१९ मध्ये माहीत असतं तर!

आता हाताचं बघू. कॅमेरा जो धरणार त्याच्या हाताला तो बसला पाहिजे. ऐकायला किती सोपं आहे, पण दुकानात बघा. पैसे बाईनं काढलेले असले तरी दुकानदार बोलतो तिच्या नवऱ्याशी किंवा मुलाशी. कॅमेरा ठेवतो त्यांच्याच हातात. ती कडेला पर्स सांभाळत उभी. आणि घरी आल्यावर मुलगा पुण्याला शिकायला निघून जातो, यजमानांना सुट्टी नसते, म्हणजे शाळेच्या पटांगणावर दोन तास उभं कोण राहणार? तीच ना? मग वजन तिच्या मनगटाला पेलतं का, बटण तिच्या बोटाला सापडतं का, हे नको बघायला? दुकानातच कॅमेरा डोळ्यासमोर धरून घड्याळ लावून पाच मिनिटं उभ्या राहा. दुसऱ्या मिनिटाला हात भरून आला तर जत्रेत काय होईल त्याचा अंदाज येतो. आणि हो, हातात बांगड्या असू द्या. बांगड्यांची किणकिण कॅमेऱ्यातल्या माइकमध्ये सगळ्यात आधी शिरते. ज्या हातानं कॅमेरा धरायचा त्या हातातल्या तेवढ्यापुरत्या काढून ठेवायच्या, हे पुरुष दुकानदार तुम्हाला कधीच सांगणार नाही.

हात थोडाफार हलणारच. म्हणून कॅमेऱ्यात हलणं सावरून घेणारी सोय असते. ती भिंगातली असली तर उत्तम. तरी तास-दोन तासांच्या कार्यक्रमाला तीन पायांचा स्टँड हवाच. तो नसेल तर कोपर अंगाला घट्ट टेकवा, झाडाला किंवा खांबाला पाठ लावा. गच्च भरलेला हंडा कडेवर घेऊन चालायची सवय असलेल्या बाईला तोल शिकवायला नको.

झूमच्या बाबतीत तर सरळ सरळ डोळ्यांत धूळफेक चालते. खोक्यावर ठळक अक्षरात दोनशे, तीनशे असं काहीतरी छापलेलं असतं. ते बहुधा 'डिजिटल' झूम असतं. म्हणजे फोटोतला तुकडा कापून मोठा करायचा, तसं. माणूस जवळ येत नाही, नुसते ठिपके जाड होतात. कामाचं ते 'ऑप्टिकल' झूम, म्हणजे भिंगच पुढंमागं होऊन लांबचं जवळ आणतं ते. चांगल्या हँडीकॅमला ते वीसपटीपर्यंत असतं. शंभर मीटर शर्यतीत आपली लेक पलीकडच्या टोकाला उभी असते. माउलींच्या पालखीचं चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण बघायला गेलात तर लाखाची गर्दी, आणि घोडा समोरून कधी गेला ते कळायच्या आत गेलेला. तिथं मोबाइलचा झूम कामाचा नाही.

मग मोबाइल काहीच कामाचा नाही का? तसं अजिबात नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच जणींना वेगळा कॅमेरा घ्यायची गरजच नाही. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'च्या ग्रामीण स्त्रिया २००२ पासून बातमीदारी करतायत. आधी कागदावर, पुढं मोबाइलवर चित्रण करून. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. अंगणातलं हळदीकुंकू, दहा-पंधरा फुटांवरचा भोंडला, नातवंडांचं खेळणं याला हातातला फोन आणि त्याला जोडायचा पदरावर अडकवण्याएवढा छोटा माइक पुरतो. फक्त शूटिंगच्या वेळी फोन 'एअरप्लेन मोड'वर टाका. नाहीतर नेमकी आरती सुरू झाली की नणंदेचा फोन येतो!

वेगळा कॅमेरा लागतो तो तीन कारणांनी. कार्यक्रम लांब अंतरावर असेल, खूप वेळ चालणार असेल, किंवा वर्षातून पुष्कळदा करायचा असेल. आता दुकानात हँडीकॅम कमीच दिसतात. जास्त करून फोटोचे मोठे कॅमेरे दाखवतात, "यातच व्हिडिओ पण होतो" म्हणून. होतो, आणि संध्याकाळच्या कमी उजेडात तर छान होतो. पण त्यांची भिंगं वेगळी घ्यावी लागतात, आणि जुन्या बऱ्याच मॉडेलांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी शूटिंग आपोआप बंद पडतं. यात बिघाड काही नसतो. युरोपात अर्धा तास किंवा त्याहून जास्त टिपणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात लागे, ती चुकवायला कंपन्यांनी ही मर्यादा घातली. आता तिकडची जकात आणि इकडं आपल्या पोरीचं नाटक अर्धवट! सेकंडहँड घेणार असाल तर हे नक्की विचारा. आणि कॅसेटवर चालणारा जुना हँडीकॅम कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कॅसेटही सहजासहजी मिळत नाही आणि ती संगणकावर उतरवायची सोयही.

ऊन, पाऊस आणि रात्र यांचीही परीक्षा दुकानात होत नाही. दुकानाच्या एसीत कॅमेऱ्याचा पडदा आरशासारखा स्वच्छ दिसतो. भर दुपारी पटांगणावर त्याच पडद्यात आपलंच तोंड दिसतं. डोळा लावून बघायची खिडकी असलेला कॅमेरा म्हणूनच बरा. नसेल तर पदर डोक्यावरून पुढं ओढून त्याच्या सावलीत बघा. जुने फोटोग्राफर काळं कापड घ्यायचे, तेच हे. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात ० ते ४० अंश तापमानात वापरावा असं लिहिलेलं असतं. विदर्भातल्या मैत्रिणींना हे वाचून हसू येईल, तिथं मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा कॅमेऱ्यावर छत्री धरा, मधूनमधून त्याला सावलीत विसावा द्या. पावसासाठी साधी प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड पर्समध्ये असू द्या. रात्रीच्या मांडवात काही वेळा चित्रात काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, दिवे तिच्या तालावर लुकलुकतात. कॅमेरा वेगळ्या तालावर असला की पट्टे येतात. सेटिंगमध्ये '५० हर्ट्झ' किंवा 'पाल' निवडलं आणि चित्रांचा वेग २५ किंवा ५० ठेवला की बहुतेक वेळा ते जातात. आणि बॅटऱ्या दोन. वीज कधी जाईल याचा भरवसा ज्या गावात नाही तिथं तीन.

एवढं सगळं वाचून काही जणी म्हणतील, "बाई गं, हे आपल्या डोक्यावरून जातं." इथं मात्र मला थोडं रागवावंसं वाटतं. शिलाई मशीनचा ताण अर्धा फेरा इकडं की तिकडं हे तुम्हाला धाग्याच्या आवाजावरून कळतं. कुकरची शिट्टी ऐकून पाणी कमी पडलंय का ते सांगता. कॅमेरा त्याहून अवघड आहे, असं कुणी सांगितलं?

अहमदाबादला एला भट यांनी १९७२ साली कष्टकरी बायांची 'सेवा' संघटना उभी केली. तिथल्या बायांनी १९८४ साली व्हिडिओ हातात घेतला. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, काहींना अक्षरओळखही नव्हती. तेव्हाचा कॅमेरा आजच्यासारखा तळहातावर मावणारा नव्हता, तरी त्या शिकल्या आणि आपले प्रश्न आपणच चित्रित करू लागल्या. आपल्या सीमेपलीकडं तेलंगणात, जहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या शेतकरी बाया फिल्म बनवायला शिकल्या. बहुतेक दलित, बहुतेकींनी शाळेचं तोंड न बघितलेलं. त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना स्वतःची नावं दिली. वरून खाली बघणारा तो 'पटेल शॉट', कारण गावचा पटेल त्यांच्याकडं तसा बघायचा. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवून, बरोबरीनं बघणारा तो 'संघम शॉट', कारण संघाच्या बैठकीत सगळ्या एकाच पातळीवर बसायच्या. कुठल्या पुस्तकात मिळेल हो ही व्याख्या?

आणि म्हणूनच कॅमेरा कुणाच्या हातात आहे याला महत्त्व आहे. आपल्या गावातल्या कुठल्याही कार्यक्रमाचं शूटिंग काढून बघा. पाहुण्यांचे हारतुरे, नारळ, शाल, भाषण सगळं सविस्तर असतं. ज्या बायकांनी महिनाभर तालीम करून फेर धरला, त्यांच्या वाट्याला शेवटची चार मिनिटं, तीही लांबून. आणि जिनं मागं राहून पन्नास जणींची खिरापत केली ती तर कुठंच नाही. शूटिंगवाल्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. पैसे देणाऱ्यानं सांगितलं ते तो टिपतो. पण आपल्याला काय राहावंसं वाटतं ते आपणच टिपलं पाहिजे. मात्र आपण टिपलं म्हणून ते लगेच स्टेटसला टाकायचं नाही. ज्या बाईनं मोकळेपणानं फुगडी घातली तिला विचारून मगच. हा मान आपण एकमेकींना दिला नाही तर दुसरं कोण देणार?

गेल्या वर्षी आमच्या मंडळानं पुन्हा वर्गणी काढली. या वेळी दुकानात आम्ही पाच जणी गेलो. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "साहेब येतायत का मागून?" "नाही, आम्हीच साहेब," आमच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या. मग आम्ही म्हटलं, कॅमेरा जरा पायरीवर न्यायचा आहे. तो गोंधळला, पण आला बाहेर. बाहेर ऊन होतं, वारा होता, एसटी स्टँडची गडबड होती. रस्त्यापलीकडं पेरू विकणाऱ्या मावशींना विचारून आम्ही त्यांचं शूटिंग घेतलं. एकेकीनं हेडफोन लावून त्यांची आरोळी ऐकली. पहिल्या दोन कॅमेऱ्यांत ती नीट ऐकू आली नाही. तिसऱ्यात आली. तो सगळ्यात महागाचा नव्हता. त्याच्या खोक्यावरचा आकडाही सगळ्यात लहान होता. उरलेल्या पैशांत माइक, केसाळ टोपी, स्टँड आणि जास्तीची बॅटरी आली.

घेण्याआधी तो आम्ही एक दिवस भाड्यानंही वापरून बघितला होता. तुमच्या गावात फोटो स्टुडिओ असेल तर तसं जमतं का ते जरूर विचारा. एक दिवसाचं भाडं गेलेलं परवडतं.

गेल्या नवरात्रात भोंडल्याचं शूटिंग मंडळातल्याच एका सुनेनं केलं. आवाज छान आला आहे. प्रत्येकीचा वेगळा ओळखू येतो, कोण बेसूर होती तेही कळतं, आणि ते ऐकून आम्ही पोट धरून हसलो. दोन प्रती केल्या, एक मंडळाच्या कपाटात, एक दुसरीच्या घरी.

आजींची ती आजोळची गाणी मात्र त्यात नाहीत. ती आता कुठंच नाहीत. तुमच्या गल्लीत अशा कुणी आजी असतील, तर कॅमेऱ्याची वाट बघू नका. आज संध्याकाळी हातातला फोन घेऊन त्यांच्याजवळ, अगदी जवळ जाऊन बसा. कॅमेरा सावकाश, उन्हात बघून घेता येईल.